टोळ आणि बावीस सेंटिमीटर

मी एक जुनी मोजफीत आहे, मित्रांनो. वहीत रेघा मारायची फूटपट्टी नव्हे, शिंप्याच्या गळ्यात लोंबणारी फीतही नव्हे. मी चपट्या गोल डब्यात गुंडाळून बसणारी, पिवळ्या अंगाची, चांगली तीस मीटर लांब अशी मैदानी फीत आहे. डब्याच्या बाजूला छोटी मूठ आहे. ती फिरवली की मी सरसर आत जाते. हल्ली ती मूठ मध्येच अडते आणि करकरते, पण वयाच्या मानाने माझी तब्येत ठणठणीत आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबलचक यंत्रातून मी कोरी पट्टी होऊन बाहेर पडले, मग अंगावर पिवळा रंग चढला आणि मग एकामागून एक काळे आकडे उमटत गेले. तिथे एक तपासनीस बाई होत्या. प्रत्येक फीत पोलादी पट्टीशेजारी ताणून त्या चष्म्याआडून बघायच्या. केसभर फरक दिसला तरी ती फीत बाजूला पडायची. मला त्यांनी दोनदा ताणून पाहिले आणि शेजारणीला म्हणाल्या, "ही शहाणी आहे." ती माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी. कितीतरी दिवस मी त्याच तोऱ्यात होते.

तिथून मी एका शाळेत गेले. खेळाच्या सरांनी मला लांब उडीच्या खड्ड्यावर कामाला लावले. काय दिवस होते ते! धावत येणारी मुले, वाळूचा फवारा, मग सगळ्यांची डोकी माझ्यावर वाकलेली. "बघ बघ, किती झाली?" एकेका सेंटिमीटरसाठी भांडणे व्हायची आणि मी सांगेन ते शेवटचे असायचे.

पण एका सुट्टीत मला खेळाच्या खोलीत जमिनीवरच टाकून सगळे निघून गेले आणि एका उंदराने माझे तोंडाकडचे दहा सेंटिमीटर कुरतडले. कोणाच्या ते लक्षात आले नाही. पुढच्या स्पर्धेत माझे तुटके टोक धरूनच मापे घेतली गेली आणि त्या एका दिवसात शाळेचे सगळे विक्रम मोडले. शेवटून पहिल्या येणाऱ्या मुलानेसुद्धा स्वतःचा विक्रम मोडला. टाळ्या थांबेनात. सरांना संशय आला तेव्हा बक्षिसे वाटून झाली होती. सरांनी मला हातात धरून कुरतडलेले टोक निरखले. रागावले नाहीत, पण मला एका लोखंडी पेटीत टाकले. तिथे हवा गेलेल्या चेंडूंच्या आणि तुटक्या शिट्ट्यांच्या संगतीत माझी चार वर्षे गेली. मित्रांनो, तुटण्याचे दुःख एवढे नसते. आपण कोणाच्याच उपयोगाचे नाही, हे रोज वाटत राहणे फार जड जाते.

सर निवृत्त झाले तेव्हा पेटी रिकामी करायला त्यांची मुलगी आली. ती फिजिओथेरपिस्ट होती, म्हणजे ऑपरेशननंतर माणसांना व्यायाम देऊन पुन्हा चालते-फिरते करणारी. तिने मला उलगडले, कुरतडलेले टोक पाहिले आणि हसली.

"बाबा, ही मी नेते."

"अगं, ती दहापासून सुरू होते."

"मग मी पण दहापासून सुरू करीन."

तिने डब्यावर काळ्या शाईने ठसठशीत लिहिले, 'दहा वजा'. त्या दोन शब्दांनी माझा पुनर्जन्म झाला.

या ताईंची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीखाली एकाच जागी उभी असणारी सायकल, भिंतीवर खुंट्यांना टांगलेले रबरी पट्टे, एक मोठा आरसा, रेक्झिनचा पलंग आणि मधोमध मोकळी जमीन. ती मोकळी जमीन माझी. तिथे मी पसरते आणि खेळाडू माझ्या कडेने उड्या मारतात. त्यातले बरेच जण गुडघ्याचे ऑपरेशन झालेले असतात.

गुडघ्याच्या आत दोरखंडासारखे बंध असतात. त्यांना लिगामेंट म्हणतात. पळताना एकदम वळले किंवा उडीवरून वेडेवाकडे उतरले, तर त्यातला एक कधीकधी तुटतो. डॉक्टर बहुतेकदा त्याच माणसाच्या शरीरातला दुसरा धागा घेऊन तिथे नवा बंध बसवतात. जखम काही आठवड्यांत भरते, पण नव्या बंधाला मुरायला आणि पायात ताकद यायला बरेच महिने लागतात. बाहेरून पाय अगदी छान दिसतो आणि घोटाळा तिथेच होतो. खेळाडूला वाटते, झाले की बरे! मग मैदानावर परत कधी जायचे, हे ठरवायचे कसे? अनेक चाचण्या असतात. माझी चाचणी अगदी साधी आहे. एका पायावर उभे राहायचे, जमेल तितकी लांब उडी मारायची, त्याच पायावर उतरायचे आणि न डगमगता थांबायचे. मग दुसऱ्या पायावर तेच. चांगला पाय शंभर गेला, तर ऑपरेशनचा पाय निदान नव्वद तरी जायला हवा.

आता तुम्हाला टोळची गोष्ट सांगते.

टोळ हे अर्थातच टोपणनाव. लांब पाय आणि उभ्या जागेवरून टुणकन उडी, म्हणून बास्केटबॉलच्या संघाने तिला ते चिकटवले होते. वय एकोणीस. बास्केटवर आपटून परत येणारा चेंडू हवेतच पकडण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. असाच एक चेंडू पकडून ती खाली आली, उजवा गुडघा आत वळला आणि कट्‌ असा आवाज आला. कोणी धक्का दिला नव्हता. कोणाला दोषही देता येत नव्हता.

ती पहिल्यांदा आली ती वडिलांच्या खांद्याचा आधार घेऊन. वडील शहर बसचे चालक. अंगावर कामाचाच गणवेश होता. ऑपरेशनला अजून तीन आठवडे होते. ताईंनी सूज उतरेपर्यंत हलका व्यायाम दिला आणि ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात एक गंमतच केली. त्यांनी मला पसरले आणि टोळला चांगल्या, म्हणजे डाव्या पायावर उडी मारायला लावली.

"डावा तर ठीक आहे, ताई. तो कशाला मोजायचा?"

"ठीक असतानाच मोजून ठेवायचा," ताई म्हणाल्या.

एकशे अडुसष्ट. दहा वजा, एकशे अठ्ठावन्न. ताईंनी तो आकडा निळ्या वहीत लिहिला आणि वही कपाटात गेली.

ऑपरेशन झाले. पहिले महिने कंटाळवाणे होते, खोटे कशाला सांगू? गुडघा सरळ करा, गुडघा वाकवा, मांडी आवळा, सोडा. मी मांडीभोवती वेढा घालून तिचा घेर मोजायची. उजवी मांडी डावीपेक्षा तीन सेंटिमीटर बारीक झाली होती. टोळ तिला 'माझी काडी' म्हणायची. पण ती कामचुकार नव्हती. घाम गाळायची, सायकल मारताना गाणी म्हणायची, शेजारच्या पलंगावर खांदा शेकत बसलेल्या आजोबांना चिडवायची. चौथ्या महिन्यात ती हळूहळू धावू लागली. सहाव्या महिन्यात तिने पहिली छोटी उडी मारली, तेव्हा आजोबांनी शेक बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या.

मग सातव्या महिन्यात संघ अंतिम फेरीत पोहोचला.

टोळ त्या दिवशी आली ती वाऱ्यासारखी. सामना तीन आठवड्यांवर होता. ती संघाची कर्णधार. आणि दुसरी गोष्ट अशी, की तिच्या वडिलांनी तिचा एकही मोठा सामना पाहिला नव्हता. सामने संध्याकाळी आणि त्यांची पाळीही संध्याकाळचीच. या खेपेला मात्र त्यांनी सहकाऱ्याशी पाळी बदलून घेतली होती आणि ही बातमी घरात चार वेळा सांगितली होती.

"ताई, चाचणी घ्या ना. उत्तीर्ण झाले तर खेळू द्याल?"

"वेळ आहे गं अजून. डॉक्टरांनी नऊ महिने तरी सांगितलेत."

"नुसती घ्या तर."

दुसऱ्या दिवशी तिचे प्रशिक्षकही येऊन बसले. गळ्यात शिट्टी, हातात टोपी, जरा अवघडलेले. माणूस चांगला होता, पण अंतिम सामना म्हटल्यावर कोणाचाही जीव खालीवर होतो.

"सगळा सामना नको," ते म्हणाले. "पंधरा मिनिटं उतरवतो फक्त."

"पंधरा मिनिटांत ही किती वेळा उडी मारते?"

त्यांनी मनाशी हिशेब केला. "तीस-चाळीस वेळा मारत असेल."

"म्हणजे चाळीस वेळा उतरते," ताई म्हणाल्या. "उडी मारताना नाही, सर, उतरताना तुटतं."

तरी त्यांनी मला पसरले. टोळ आधी डाव्या पायावर उभी राहिली. तीन उड्या मारल्या, सर्वांत लांब एकशे सेहेचाळीस. दहा वजा, एकशे छत्तीस. मग उजवा पाय. तीन उड्या, सर्वांत लांब एकशे एकोणचाळीस. दहा वजा, एकशे एकोणतीस. प्रशिक्षकांनी मोबाइलवर भागाकार केला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"शंभराला पंचाण्णव, मॅडम. नव्वद लागतात ना?"

मित्रांनो, त्या क्षणी मला वाचा असती तर! मी जमिनीला चिकटून असते. माझ्या शेजारी पाय कसा पडतो, ते मला अंगाने कळते. उजव्या पायाच्या उड्या खऱ्या होत्या, जीव तोडून मारलेल्या. पण डाव्या पायाच्या उड्या? मांजर चोरपावलांनी ओट्यावरून उतरावे, तसा तो डावा पाय अलगद टेकत होता. ती मुद्दामच कमी उडी मारत होती. चांगला पाय आखूड गेला, की आजारी पाय आपोआप लांब दिसतो. माझे दोन्ही आकडे खरे होते आणि त्यांतून निघालेले उत्तर साफ खोटे होते. मी आपली पिवळी पडून राहिले. पिवळी तर मी आहेच म्हणा.

ताईंनी कपाटातून निळी वही काढली. पान उलटले. टोळची मान खाली गेली.

"डावा पाय आजारी पडला का गं?"

"नाही."

"मग त्याचे बावीस सेंटिमीटर गेले कुठे?"

 प्रशिक्षकांनी मोबाइल खिशात ठेवला.

"बाबांनी पाळी बदलून घेतलीय," टोळ अगदी बारीक आवाजात म्हणाली आणि मग तिला रडू कोसळले. ताई तिच्याशेजारी जमिनीवरच बसल्या, माझ्या दोनशेच्या आकड्यावर. त्यांनी तिला रडू दिले. मग वही तिच्यासमोर धरली.

"हे बघ. तुझ्या खऱ्या डाव्या पायाशी ताडून बघितलं तर उजवा ब्याऐंशीवर आलाय. सात महिन्यांत ब्याऐंशी म्हणजे तू कमाल केलीस. मला फसवायची गरजच नव्हती. आता आणखी दोन-अडीच महिने दे त्याला. आत्ता घाई केलीस आणि पुन्हा तुटला, तर परत पहिल्या दिवसापासून."

"मला ती हवी आहे," प्रशिक्षक हळूच म्हणाले, "पण पुढची दहा वर्षं हवी आहे. माझंच चुकलं."

संध्याकाळी वडील तिला न्यायला आले. ताईंनी नव्हे, टोळनेच त्यांना सगळे सांगितले. ते ऐकत राहिले, टोपी काढून डोके खाजवले आणि म्हणाले, "मी पाळी बदलून घेतली ती तुला बघायला. तू बाकावर बसलीस तर बाकाकडे बघीन. मला तसंही त्या खेळातलं काय कळतंय?"

टोळ रडता रडता हसली. आजोबांनी खांद्यावरचा शेक काढून तिला डोळे पुसायला नॅपकिन दिला. तो गरम आणि ओला होता, पण त्यांचा हेतू चांगला होता.

अंतिम सामना तिच्या संघाने जिंकला. हे मला दुसऱ्या दिवशी कळले. टोळचा आवाज पार बसला होता, कारण तिने बाकावरून चाळीस मिनिटे आरडाओरडा केला होता. "ताई, जिंकलो," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. मग थोडे थांबून म्हणाली, "माझ्याशिवाय जिंकलो." दोन्ही वाक्यांत आनंद होता, पण दुसऱ्यात एक बारीक काटाही होता. ताईंनी तिला पायाला बांधायचे वजन दिले. टोळने सांगितल्यापेक्षा दहा वेळा जास्त पाय उचलला.

नववा महिना सरला. मांडीचा घेर जवळजवळ जुळला. यंत्रावर ताकद तपासली, तीही भरली. आता मी निश्चिंत झाले होते. पण एक नवीनच अडचण पुढे आली. टोळ उडी मारायची, उतरायची आणि उतरता उतरता खाली गुडघ्याकडे बघायची. प्रत्येक वेळी. त्या बघण्यात तिचे सगळे अंग ताठ व्हायचे आणि ती लाकडी बाहुलीसारखी धप्पकन पडायची. पाय तयार होता, टोळ तयार नव्हती.

"उतरताना काय होतं?" ताईंनी विचारले.

"तो कट्‌ आवाज येतो. येत नाही, पण येईल असं वाटतं."

यावर कोणती फीत लावायची? भीतीला आकडे नसतात. ताईंनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी टोळच्या वडिलांना पाळीनंतर बोलावून घेतले. त्यांच्या हातात बास्केटबॉल दिला.

"ती हवेत असली की तिच्याकडे टाकायचा. तिने तो पकडायचा आणि एका पायावर उतरायचं."

"मला टाकता येत नाही हो."

"उत्तमच."

आणि मग जे काही झाले, मित्रांनो, ते आठवून माझा डबा अजून खुळखुळतो. पहिला चेंडू रबरी पट्ट्यांत जाऊन अडकला. दुसरा सायकलवर आपटून आजोबांच्या मांडीवर स्थिरावला. तिसरा थेट छताला.

"बाबा, मी इकडे आहे."

"माहीत आहे गं. बस वळते, हा मेला वळत नाही."

टोळला हसू आवरेना. चौथा चेंडू उजवीकडे भलतीकडेच निघाला. तो आरशावर जाणार हे दिसताच ती झेपावली, हवेतच त्याला दोन्ही हातांनी पकडले आणि उजव्या पायावर उतरली. माझ्या अंगाशेजारी. गुडघा मऊ वाकला, टाच टेकली, तोल सावरला. नजर चेंडूवर होती, गुडघ्यावर नव्हती. ती तशीच एका पायावर बगळ्यासारखी उभी राहून वडिलांना म्हणाली, "अहो बसवाले, आरसा फुटला असता ना."

 ताईंनी बोटाने तिच्या उजव्या पायाकडे दाखवले. टोळने खाली पाहिले आणि मग तिला कळले, की आपण कशावर उभ्या आहोत.

पुढे आठवडाभर वडील रोज येत राहिले. त्यांचा नेम बिलकूल सुधारला नाही आणि तेच कामाचे होते. वाकड्या चेंडूंच्या मागे धावता धावता टोळ गुडघ्याला विसरली.

मग खरी चाचणी. दहा वजा करून डावा पाय एकशे साठ. या खेपेला तो धाडकन उतरला आणि खिडकीची काच थरथरली. उजवा एकशे पन्नास. शंभराला चौऱ्याण्णव. एका जागेवरून सलग तीन उड्या, बाजूच्या उड्या, पळता पळता वळणे, सगळे झाले. आता तिच्याच जुन्या डाव्या पायाशी ताडले, तरी आकडा खाली येत नव्हता. ताईंनी निळी वही डॉक्टरांकडे पाठवली. डॉक्टरांनी गुडघा तपासून सही केली. तरीही लगेच सामना नाही. आधी एकटीने सराव, मग संघाबरोबर हलका सराव, मग धक्काबुक्कीचा सराव. टोळने एकदाही कुरकुर केली नाही. जरा केली, पण हसत केली.

तिच्या पुनरागमनाच्या सामन्याला मी हजर होते. ताई मला पिशवीत घालून घेऊन गेल्या, कारण सामन्याआधी त्यांना सगळ्या संघाच्या उड्या मोजायच्या होत्या. ही कल्पना टोळची. "सगळ्यांचे पाय ठीक असतानाच मोजून ठेवू या," तिने प्रशिक्षकांना सांगितले होते. बारा मुली, चोवीस पाय. दिवसभर पसरून माझी पाठ मोडली, पण इतकी माया मला लांब उडीच्या खड्ड्यावरही मिळाली नव्हती. प्रत्येक मुलगी उडी मारून माझ्यावर वाकायची आणि ताई म्हणायच्या, "दहा वजा."

टोळ बारा मिनिटे खेळली. दोन बास्केट केले, दोन सोपे घालवले. एकदा तीन मुलींच्या गर्दीतून तिने उंच उडी घेतली, तेव्हा तिच्या वडिलांनी शेजारच्या ताईंचा हात गच्च धरला. चेंडू घेऊन ती खाली आली, दोन्ही पायांवर, मऊ, आणि पळत सुटली. वडील बराच वेळ हात सोडायचे विसरले. तो सामना त्यांचा संघ हरला. घरी जाताना मात्र कोणाचेच तोंड उतरलेले नव्हते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटत होते की हेच जिंकले.

मित्रांनो, एवढी वर्षे जमिनीवर पडून मी बरेच पाय पाहिले आहेत. म्हणून हक्काने सांगते. तुम्ही खेळा, भरपूर खेळा, उंच उड्या मारा. पण कधी दुखापत झाली, तर शरीराला त्याचा वेळ द्या. तुमच्यासाठी जो मोजायला बसतो, त्याला खरी उडी दाखवा. कमी भरली तर भरू दे, उद्या पुन्हा मोजता येते. आणि बाकावर बसायची पाळी आली, तर घसा बसेपर्यंत ओरडा.

माझ्यासाठीही एक करा. काम झाल्यावर मला ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या आणि मूठ हळूच फिरवून आत घ्या. उद्या सकाळी एक फुटबॉलचा गोलरक्षक यायचा आहे. सहा महिन्यांनी त्याचा डावा पाय पहिल्यांदाच जमीन सोडणार आहे आणि तो कुठे उतरतो, ते मला नीट बघायचे आहे.